भाव ठरवणारा हात

अंबरनाथ एमआयडीसीतल्या बंद कंपन्यांची जुनी यंत्रं घेऊन मी उल्हासनगरात विकायचो. माझे वडील चामटोलीचे, बैलांचे दलाल. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्या बघ्यांना पत्ता लागत नाही. तीच रीत मी भंगारात आणली. सिंधी व्यापारी आधी हसले, मग तेही खिशात रुमाल ठेवू लागले.

बदलापूरचे एक निवृत्त प्राध्यापक हे बघायला आले. अर्थशास्त्राचा इतिहास हा त्यांचा विषय. पुढे त्यांनी लेख लिहिला आणि छापायच्या आधी मला वाचायला दिला. त्यात म्हटलं होतं, रुमालाखाली भाव ठरवणारा हात या दलालाचा नसतोच. तो बाजाराचा अदृश्य हात.

माझं डोकंच फिरलं. शाळा सुटल्यापासून शिव्या खात, शिव्या देत मी हा हात तयार केला, आणि नाव दुसऱ्याचं? भर दुपारी तडक त्यांचं घर गाठलं.

"सर, वाक्य काढा."

"बसा तर खरं. पाणी घ्या."

"पाणी नको. हा अदृश्य हात कुणाचा, ते सांगा."

सर खुललेच. "तेच तर आमचं भांडण आहे! अडीचशे वर्षांपूर्वी ज्या विलायती लेखकाने हे शब्द आणले, त्याने ते अगदी मोजक्या वेळा, जाता जाता वापरलेत. कुणी म्हणतं देवाचा हात, कुणी म्हणतं बाजाराचा, कुणी म्हणतं त्याने थट्टा केली."

"मग त्यालाच विचारा."

"तो कधीच मेला."

"मी मेलोय का? मला का नाही विचारलंत?"

सरांनी माझा हात धरला. मग खांद्यावरचा टॉवेल त्यांनी आमच्या हातांवर टाकला. "आता विचारतो. हा टेबलफॅन मी विकतोय. कुठे थांबायचं, ते तुम्ही कसं ठरवता?"

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सरांचा हात गारठलेला. मी बोटं दाबत वर चढलो. एका आकड्यावर अडून बसायचं मी मनाशी ठरवलं होतं. तरी आणखी एक बोट दाबलं गेलं, कुणी वरून हात ठेवून दाबावं तसं. सरांचा दुसरा हात टेबलावर, चष्म्यापाशी, मला स्पष्ट दिसत होता.

"हे तुम्ही ठरवलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग कुणी? तुमच्या मेलेल्या लेखकाने?" मी टॉवेल भिरकावला.

त्यांनी माझ्याबद्दलचं वाक्य बदललं: भाव आपणच ठरवतो, असं तो म्हणतो.

"'असं तो म्हणतो' कशाला?"

"मला तेवढंच माहीत आहे."

अंधारेपर्यंत भांडलो, बदल्यात कूलर देऊ केला. सर तसूभर हलले नाहीत.

लेख छापून आला. पुढे सर वारले. मग त्यांच्या एका विद्यार्थ्याने त्या लेखावर लेख लिहिला: असा दलाल बहुधा नव्हताच, सरांनी तो दाखल्यापुरता रचला.

पत्ता काढून मी त्याच्या कॉलेजात गेलो. म्हटलं, "तो दलाल मीच."

तो प्राध्यापक झालेला विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, "काका, काही पुरावा?"

मी हात पुढे केला. त्याने तो बघितला, पण धरला नाही.