झटका लावलाय का?

मी सरांना फसवलं. आमच्या सोनाळ्यात आजही चूक सरांचीच म्हणतात, म्हणून हे आधी लिहितो.

सर बुलढाण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एका दिवाळीआधी एसटीनं आले आणि सातपुड्याच्या पायथ्याचं माझं शेत बघून गेले. तिथं दोन सळया पुरून, तारेचं वेटोळं ठेवून त्यांना जमिनीतली वीज मोजायची होती. खडकांवर दाब वाढला की भूकंपाआधी बारीक विद्युत-चुंबकीय संकेत निघत असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. "सिद्ध झालेलं नाही," सरांनी स्वतःच सांगितलं. "मोटारी, वीजवाहिन्या, सगळ्यांची गडबड त्यात मिसळते. म्हणून मला अशी जागा हवी, जिथं काहीच नाही."

चार माणसांसमोर म्हणाले. काहीच नाही! डोक्यावर संत्र्याची टोपली घेऊन मी दारोदार फिरलो, मग व्यापारात उभा राहिलो, आणि घेतलेली पहिली जमीन ती. मला ते लागलं. आजही लागतं, खोटं कशाला बोलू.

मग मी सौद्याला बसलो. जागेच्या बदल्यात शेतातल्या खोलीवर नवे पत्रे मागितले, सर हो म्हणाले. लोखंडी फाटक मागितलं, त्यालाही हो. त्यांची अट एकच होती. शेतात मोटार चालवायची नाही आणि झटका लावायचा नाही. झटका म्हणजे रानडुकरं आणि रोही-नीलगायी पिकात शिरू नयेत म्हणून बांधावरच्या तारेत सेकंदासेकंदाला विजेचा ठोका सोडणारं यंत्र. मी शब्द दिला.

हरभरा वीतभर झाला आणि रोह्यांनी एक पट्टा साफ केला. दुसऱ्या दिवशी मी तुरीच्या आड, पोत्याखाली झटका बसवला. संध्याकाळी चालू, सकाळी बंद. सर यायचे दिवसा. मनात म्हटलं, काहीच नाही म्हणता ना, मग घ्या काहीतरी.

त्यांचं यंत्र दर मिनिटाची सरासरी नोंदवायचं. त्यामुळे ठोके वेगळे दिसत नव्हते, संध्याकाळ झाली की नुसती रेघ वर चढायची. थंडी वाढली, तारेला टेकलेलं गवत दवानं भिजू लागलं, वीज जास्तच जमिनीत उतरू लागली, आणि रेघ रोज थोडी उंच जाऊ लागली. सर कागद घेऊन माझ्याकडे आले.

"शेठ, झटका लावलाय का?"

"नाही जी."

आठवड्यानं पुन्हा आले. "रागावू नका, परत विचारतो. झटका..."

"माह्या शब्दावर भरवसा नाही तं उचला तुमच्या सळया! रिकामं काऊन विचारून राह्यले?"

सरांनी माझी माफी मागितली. माझी! मी ती घेतलीही.

शेतावरच्या सालदाराच्या घराची मागची भिंत फुगलेली होती. सर त्याला एवढंच म्हणाले, "माझी खात्री नाही, पण थोडे दिवस त्या भिंतीपाशी झोपू नका." संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भूकंप येणार. शाळा कडुनिंबाखाली भरू लागली. बायकांनी चुली अंगणात मांडल्या. एक म्हातारी रोज मला विचारायची, "शेठ, घरात जाऊ का रे बापा?" मी म्हणायचो, "सरले विचार." एक बटण बंद केलं असतं तर सगळं थांबलं असतं. पण बटण बंद करून रेघ खाली आली असती, तर मी पकडला गेलो असतो.

शेवटी सरांनी त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना बोलावलं. दिवस मावळताना ते हातात छोटा रेडिओ धरून बांधानं चालू लागले. मागं निम्मं गाव. रेडिओत खरखर होती, मग सेकंदासेकंदाला टक्... टक्... टक्. तुरीपाशी आवाज मोठा झाला. त्यांनी पायानं पोतं सरकवलं.

"हे कोणी लावलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, "शेतकरी पीक राखणारच. मीच विचारलं नाही. चूक माझी."

"काय सर, हरभऱ्यातच भूकंप सापडला काय जी?" मागून कोणीतरी बोललं आणि सगळे हसले. सरही हसले. मग वाकून ते तारेचं वेटोळं गुंडाळू लागले. मी हातसुद्धा लावला नाही.

ते परत आले नाहीत. पत्रे आणि फाटक माझ्याकडेच राहिले. फाटक उघडताना हल्ली मी खाली बघतो. एसटी स्टँडवर त्यांना भूकंपसर म्हणतात आणि माझ्या पाठीवर थाप पडते, "शेठनं सरले बरोबर घेतलं!" आयुष्यभर मला अशी शाबासकी आवडली. ही अंगावर पाल पडावी तशी वाटते.

रागही आहे. सर, तुम्ही विचारलं होतं, दोनदा. मग चारचौघांत खोटं बोलून माझा गुन्हा स्वतःच्या नावावर का घेतला? या सौद्यात मी हरलो आणि मला हरूही दिलं नाही.

तेव्हा हसणाऱ्यांनो, बुलढाण्याकडे बोट दाखवणं बंद करा. याचा जाब त्या म्हाताऱ्या माणसानं द्यायचा नाही. भर बाजारात या, मला उभं करा आणि विचारा, झटका लावला होता का?

विचारा. जाब मी देणं लागतो.