पेरूला न गेलेली नीलांबरी

जर्सी सिटीतल्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या नीलांबरी वानखडेला लिमा शहरातले बसचे मार्ग तोंडपाठ आहेत. कुस्कोत उतरल्यावर पहिल्या दिवशी धावपळ का करू नये, इक्वितोसला रस्त्याने का जाता येत नाही, नदीवरच्या बोटीत झोपायची झोळी कुठे टांगली म्हणजे इंजिनाचा धूर नाकात जात नाही, काहीही विचारा. आणि बाईंनी यातलं काहीएक पाहिलेलं नाही.

ती मूळची अमरावतीची. मॅनहॅटनमधल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. हे काम तिला इतकं मानवलंय की हॉटेलात गेली तरी ती मेन्यूकार्डातल्या चुका वेटरला दाखवते.

पेरूचं वेड लागलं ते स्टेट कॉलेज नावाच्या गावात, शिकत असताना. बरोबर शिकणारे रेणू, परीक्षित आणि ती एका अपार्टमेंटमध्ये राहायचे. आधीच्या भाडेकरूने भिंतीवर ॲमेझॉनच्या जंगलाचं भलंमोठं पोस्टर चिकटवून ठेवलं होतं. ते ओढलं तर रंग निघेल आणि डिपॉझिट बुडेल, म्हणून तसंच राहू दिलं. बाहेर गुडघाभर बर्फ, बस बंद, आणि हे तिघं त्या हिरव्यागार जंगलाखाली बसून खिचडी खाताहेत. त्या हिवाळ्यात कधीतरी ठरलं, नोकऱ्या लागल्या की तिघांनी जायचं. लिमा, कुस्को, मग जंगल. जायचं तर तिघांनीच, नाहीतर कुणीच नाही.

नोकऱ्या लागल्या, तिकिटंही काढली, आणि नीलांबरीने घोळ घातला. तिच्या पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात ती तशाच शिक्क्यावर नायगाराला कॅनडाच्या बाजूला जाऊन, फोटो काढून, सुखरूप परत आली होती. ती धरून चालली की शेजारच्या देशाला चालतं ते पेरूलाही चालेल. निघायच्या आठवड्यात ऑफिसच्या वकिलाला सहज विचारलं, तर तो खुर्चीतून उठलाच. ती सवलत म्हणे कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. पेरूला गेलीस तर परत यायला आधी भारतात जाऊन नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि तिथली तारीख कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नाही. तोवर कंपनी थांबणार नाही. जगाच्या चुका काढणाऱ्या बाईची स्वतःची चूक ही अशी निघाली.

रेणू आणि परीक्षित तिला एका शब्दाने बोलले नाहीत. दोघांनी आपापली तिकिटं कॅन्सल केली आणि तिला सिनेमाला घेऊन गेले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ग्रीन कार्ड मिळालं की शिक्क्याची कटकट संपते, आणि पुढे दोघांचं ते मार्गी लागलं. रेणूचे वडील मस्कतला नोकरीला होते, ती तिथे जन्मली, म्हणून ग्रीन कार्डाच्या रांगेत ती ओमानची ठरली आणि भराभर पुढे सरकली. परीक्षितने इथेच जन्मलेल्या, म्हणजे अमेरिकन नागरिक असलेल्या, अनिकाशी लग्न केलं. नीलांबरी मात्र भारताच्या रांगेत, आणि ती रांग अशी की बहुधा निवृत्तीच आधी गाठावी. अमरावतीत जन्म देण्याऐवजी आईने जरा मस्कतला जाऊन यायचं होतं, असं ती हसत सांगायची. नवीन माणूस हसायचा. रेणू हसायची नाही.

दर हिवाळ्यात परीक्षित विचारायचा, "नीला, या वर्षी जमतंय का?" ती म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." मग विषय बंद. अशी वर्षं गेली. परीक्षितचे केस पिकले, रेणूच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. गेल्या हिवाळ्यात तिघं आणि अनिका रेणूकडे जेवायला जमले होते. पाणी आणायला उठताना रेणूने टेबलाची कड धरली, आणि ते नीलांबरीने पाहिलं. परीक्षितने नेहमीचं विचारलं. तिने पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगून टाकलं,

"खरं सांगू? मला जायचंच नाहीये यार. डास, चिखल, घामाने चिकचिक. अमरावतीच्या मुलीला कशाला हवंय ओलं रान? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षं हो हो करत होते. तुम्ही जाऊन या, मी प्लॅनिंग करून देते."

मग परीक्षित म्हणाला, "अगं, मग आधी नाही का बोलायचं!" आणि त्याच्या आवाजात एवढं हायसं वाटलेलं ऐकू आलं की नीलांबरीने हातातला तुकडा ताटात परत ठेवला. आपल्या बोलण्यावर विश्वास बसायला जरा वेळ लागेल, एखादा उलट प्रश्न येईल, अशी तिची समजूत होती. रेणू काहीतरी विचारणार असं वाटलं, पण तेवढ्यात अनिकाने आमरसाचा डबा उघडला.

प्लॅनिंग तिने जीव ओतून केलं. मे महिन्यात रेणू, परीक्षित आणि अनिका निघाले. लिमाहून फोटो आले, समुद्राकाठच्या कड्यांचे. कुस्कोला उंचीमुळे दम लागतो म्हणून फोन आला, तर हिने इथून कोकाच्या पानांचा चहा प्यायला सांगितला. मग ते जंगलात शिरले आणि फोन बंद झाले.

ते दिवस तिला भारी गेले. शनिवारी ती पॅटरसनला गेली. तिथे पेरूच्या लोकांची वस्ती आहे, एका खानावळीत पानात बांधून शिजवलेला भात मिळतो. तो इक्वितोसकडचा, जंगलातला. वाढणाऱ्या बाईंशी ती स्पॅनिशमध्ये बोलली. इतक्या वर्षांच्या तयारीत भाषाही शिकून झाली होती. बाई खूश झाल्या. त्या इक्वितोसच्याच निघाल्या. तिथल्या बाजाराबद्दल नीलांबरी इतकं नेमकं बोलत होती की त्यांनी विचारलं, "तू कधी होतीस तिकडे?"

"पुढच्या वर्षी जाणार आहे," नीलांबरी म्हणाली. सवयीने निघून गेलं तोंडातून. मग तिने पान उलगडलं. भाताला हळदीचा रंग होता, आत कोंबडीचा तुकडा आणि उकडलेलं अंडं. ते तिघं आत्ता हेच खात असतील असं मनात आलं आणि तिने पान तसंच पुन्हा मिटलं. तिला जायचं होतं. डासांसकट, चिखलासकट, त्या दोघांच्या मध्ये बसून जायचं होतं.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. तिघंही इक्वितोसच्या हॉटेलात परतले होते, अंगभर डास चावलेले, नाकं उन्हाने सोललेली, आणि चेहरे असे फुललेले की बघत राहावं.

"अगं, गुलाबी डॉल्फिन पाहिले! बोटीच्या अगदी जवळ!" रेणू ओरडत होती. "आणि इथे आपल्यासारख्या रिक्षा आहेत, तशाच अंगावर येतात!"

"माझे बूट चिखलात गेले ते गेलेच," परीक्षित म्हणाला. "बरं झालं तू आली नाहीस. वैतागली असतीस."

"हो ना," नीलांबरी म्हणाली.

"ऐक," परीक्षित म्हणाला, "पुढच्या वर्षी आम्ही ब्राझीलच्या बाजूने जाणार. मनौसपासून बोटीने. तुला काही विचारत नाही, तुझं माहितीये आम्हाला. फक्त प्लॅनिंग कर."

सगळे हसले. तीही हसली. इतकी वर्षं दर हिवाळ्यात येणारा तो प्रश्न आता येणार नव्हता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता.

"विचार ना," ती म्हणाली.

"काय?"

"मला विचार. दरवर्षी विचारतोस तसं. मी नाहीच म्हणेन. पण विचार."

अनिकाने परीक्षितकडे पाहिलं. रेणूने त्याच्या हातातून फोन घेतला, खिडकीशी गेली आणि मैत्रिणीचा चेहरा जवळून पाहू लागली. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जे विचारायचं राहिलं, त्याचं उत्तर तिला आता समोर दिसत होतं.

"नीला," ती हळूच म्हणाली, "येतेस?"

नीलांबरीला "नाही" म्हणायचं होतं. तिच्याने ते म्हणवलं नाही.