आधी नेसून दाखवा

आमच्या सुमतीवहिनीकडे कोणी विरलेलं लुगडं घेऊन आलं, की मशीनचं झाकण काढायच्या आधी ती त्या बाईला आत नेते आणि तेच लुगडं नेसायला लावते. बाया लाजतात. एक-दोघी रागावून परतही गेल्या. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं की एवढं तर डॉक्टरही तपासत नाही. वहिनी ऐकून घेते आणि आतून दार लावते.

ही सवय तिला मालनमुळे लागली.

साल एकोणपन्नास. कापडावरचा कंट्रोल उठलाय की पुन्हा बसलाय, हे आमच्या नौपाड्यात कोणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं. दुकानात कापड नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्यामुळे घरोघर लुगड्यांना दंड घालणं चाललेलं. म्हणजे बसून-उठून विरलेला मधला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडायची. वहिनी हे काम माहेरून आणलेल्या हातमशीनवर करी. एक टीप, मग कडा आत मुडपून दुसरी, आणि काठाला काठ असा जुळवलेला की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. आईची आणि शेजारणींची कितीतरी लुगडी तिने अशी वाचवली. माझ्या पायजम्यांच्या बैठकीवरही तिचं बरंच काम आहे, पण ते चारचौघांत दाखवण्यासारखं नाही.

मालन कोलशेतहून डोक्यावर पाटी घेऊन दारावर भाजी विकायला यायची. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. जे काही नवं कापड मिळालं ते सुनेच्या वाट्याला गेलं, आणि वरमाय राहिली जुन्या हिरव्या लुगड्यावर. ते तिने वहिनीपुढे ठेवलं. मुलीकडच्या बायकांच्या नजरेला शिवण पडू नये, एवढंच तिचं मागणं होतं. घर-शेजाराबाहेरचं असं पहिलंच काम. वहिनीने दुपारची झोप सोडून ते केलं, आणि मी बोट फिरवूनही मला जोड सापडला नाही तेव्हा ती जरा जास्तच हसली.

हळदीच्या आदल्या दिवशी मालन आली आणि स्वयंपाकघरात जाऊन लुगडं नेसून पाहू लागली. थोड्या वेळाने तिने वहिनीला आत हाक मारली.

वहिनीने दंड घातला होता तो आपल्या नेसण्याच्या हिशेबाने, शिवण निऱ्यांत जाईल असा. मालन नेसायची आगरी पद्धतीने, आडवं, गुडघ्यापर्यंत, घट्ट. पुढे निऱ्यांचा पसारा नाहीच. शिवण तिच्या उजव्या मांडीवर उभी राहिली होती, अगदी समोर, शाळेतल्या पट्टीने आखल्यासारखी. अंगावर कापड ताणलं की कितीही सफाईदार जोड असो, दिसतोच.

वहिनी मला नंतर म्हणाली की मालन रागावली असती तर बरं झालं असतं. मालन रागावली नाही. लुगड्यावरून हात फिरवत म्हणाली, "काम चांगला केलाव, बाय. पन लुगरा तुमचे अंगाचा झाला, माजे नाय."

इतकी वर्षं रोज दारात उभी राहणारी बाई. तिच्या पाटीतली भेंडी वहिनीने एकेक मोडून पाहिली होती. ती नेसते कशी, हे कधी पाहिलं नव्हतं.

कापलेलं काही परत येत नाही. दोघी लुगडं जमिनीवर पसरून बसल्या. शिवण मधोमध नव्हती, पदराकडून जवळ आणि दुसऱ्या टोकाकडून लांब होती. मग उलटीकडून नेसलं तर? मालन पुन्हा उठली, उलटीकडून नेसली, आणि शिवण वरच्या फेऱ्याखाली झाकली गेली. फक्त पदर आता चुकीच्या टोकाला होता. वहिनीने तो कापला, दुसऱ्या टोकाला जोडला. चहा मलाच करावा लागला. तो कसा झाला याबद्दल कोणी काही बोललं नाही, यावरून काय ते समजावं.

तरी वहिनीला चैन पडेना. हळदीला ती मला घेऊन निघाली, माजिवड्यापर्यंत टांगा, पुढे पायी. मांडवात बायका नाचत होत्या, मालन सगळ्यांत पुढे, आणि वहिनी एका खांबाशी उभी राहून फक्त तिच्या खांद्याकडे बघत होती. पदर निघाला तर?

नाच थांबला तशी मुलीची आई मालनजवळ आली. लुगड्याचा काठ हातात धरून तिने विचारलं, नवा घेतलाव का. मालनने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वहिनी मनातल्या मनात तिला तेच सांगत होती.

"जुनाच हाय," मालन म्हणाली. "हुडका, कुठं शिवलाय."

विहीणबाईंनी पदर चाचपला, मागून पाहिला, उजेडाकडे धरला. त्यांना सापडेना. शेवटी मालनने त्यांचं बोट धरून जोडावर ठेवलं, आणि खांबाआडच्या वहिनीकडे हात केला.

विहीणबाईंनी जोडावरून बोट पुढेमागे फिरवलं. मग वहिनीजवळ आल्या आणि आपल्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "माजा पन एक विरलेला हाय, बाय. अंगावरचाच."