चेअरमनच्या बंगल्यातला पियानो

लेकीनं जॅझ पियानोच्या जुन्या रेकॉर्डिंगचा संच पाठवला. पुठ्ठ्याच्या कोऱ्या वासात पहिली तबकडी लावली आणि दुष्काळातला, साखर कारखान्याच्या चेअरमनचा बंगला आठवला.

आमच्या गावासाठी, नेकनूरसाठी, पाण्याचा टँकर मागायला मी आणि आई गेलो होतो. आत रेकॉर्ड प्लेअरवर हाच पियानो वाजत होता.

"साहेब, गावात थेंब न्हाई," आई म्हणाली.

त्यानं आवाज वाढवला. "हे संपू द्या. तुमाला यातलं काय कळतंय?"

आई उन्हात उभीच राहिली. मला मात्र ते सूर फार आवडले, म्हणून त्याचा राग जास्तच आला.

कारखान्याच्या पुढच्या निवडणुकीत सभासदांच्या घरोघरी फिरून मी त्याला पाडलं. आता तो अंथरुणाला खिळलाय. लेक म्हणते, "एकदा भेटून ये."

"हे संपू दे," म्हणत मी दुसरी तबकडी लावते.