दिगूची भिकार सिरीयल, शेवटच्या एपिसोडपर्यंत

इतकी भिकार सिरीयल मी जन्मात बघितली नाही.

आणि सगळी बघितली. एकशे आठ एपिसोड.

आज दिगूला जाऊन वर्ष झालं. माझा धाकटा भाऊ. इथं चेन्नईत, पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता. मी चौथीत शाळा सोडली ती याला कडेवर घ्यायला. पुढं माझं सासर सुटलं, तेव्हा यानंच मला इकडं आणलं.

चाळिशी उलटलेला बाप्या, आणि रविवारी ताट मांडीवर घेऊन जपानी कार्टून बघत बसायचा. कार्टून म्हटलं की चिडायचा.

"ताई, अ‍ॅनिमे म्हण."

"काय पण म्हण. माणसं रंगवलेलीच ना?"

नाव सांगणार नाही. फुकट जाहिरात कशाला.

एक पोरगा. केस निवडुंगासारखे. तलवार त्याच्याहून मोठी, झोपताना ठेवतो कुठं कुणास ठाऊक. मारायच्या आधी ओरडून सांगतो, आता मी अमुक वार करणार. अरे, मग समोरचा बाजूला का होत नाही?

समोरचा उभा राहून आपलं लहानपण सांगत बसतो.

एक बुक्की मारायला तीन एपिसोड.

चंद्राचे दोन तुकडे केले. पुढच्या रविवारी चंद्र अख्खा! मी विचारलं, कुणी शिवला रे?

"ताई, लॉजिक शोधू नकोस. भात वाढ."

हिरोच्या छातीला आरपार भोक पडतं. अकरा वेळा पडलं, मी मोजलंय. अकरा वेळा उठला.

दिगू ऑफिसच्या जिन्यात छाती धरून बसला. एकदाच.

उठला नाही.

थुंकते मी असल्या सिरीयलीवर.

तिच्यात खाली इंग्रजी अक्षरं यायची. मला कुठली वाचता येतायत? मी भाजी निवडत एका डोळ्यानं बघायची आणि दिगू घास गिळत गिळत मराठीत सांगायचा. सगळ्यांचे आवाज काढून.

त्या येड्यांच्या बाजारात मला एकच बाई शहाणी वाटायची. हिरोची मोठी बहीण. हा जग वाचवायला निघाला की ती दारात उभी.

"मेल्या, जेवून जा. जग कुठं पळून जात नाही."

रक्तबंबाळ होऊन परत आला की, "आधी पाय धू. मग सांग कुणाला मारलंस ते."

मी म्हणायची, बघ, या एका बाईला अक्कल आहे.

दिगू मान खाली घालून भात कालवायचा.

दहाव्याला समुद्राकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. इथले कावळे तसे माजलेलेच, सकाळी घरोघरी भात मिळतो त्यांना. गावाकडून आलेल्या काकांनी हात जोडले, "दिगंबरा, ताईला आम्ही सांभाळू." कावळा ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, "गावचं घर विकत नाही." ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले.

मला माहीत होतं याचं काय राहिलंय. एकसष्टाव्या एपिसोडला अडकला होता.

मी पुटपुटले, "मेल्या, बघीन तुझी ती घाण शेवटपर्यंत. ये आता."

कावळा आला.

"काय बोललात हो?" गुरुजींनी विचारलं. काय सांगणार, कप्पाळ?

शब्द दिला खरा, पण वाचणार कोण? खालच्या मजल्यावरची काव्या कॉलेजात जाते. तिनं ही सिरीयल आधीच बघितलेली. ती इंग्रजी वाचून तमिळमध्ये सांगायला लागली, बाजारापुरतं तमिळ मला येतं.

बासष्टावा एपिसोड. हिरो निघाला. बहीण दारात. काव्या गप्प.

"अगं, काय म्हणाली ती?"

"ओण्णुम पेसलै, आंटी." काहीच बोलली नाही.

"नीट वाच."

"वाचायला काही नाहीच, आंटी. ती मुकी आहे. पहिल्याच एपिसोडमध्ये सांगितलंय."

मी जुने एपिसोड लावायला सांगितले. पहिल्यापासून. या वेळी भाजी बाजूला ठेवून बघितलं.

दारात उभी राहते. हात हलवते. बस.

जेवून जा नाही. पाय धू नाही.

ते सगळं माझं होतं. मी याला शाळेपासून ऑफिसपर्यंत जे जे बोलले ते. दिगू मलाच मला ऐकवत होता, आणि मी वर म्हणत होते, बाईला अक्कल आहे!

लबाड मेला.

शेवटचा एपिसोड मी चार महिने ठेवून दिला. काव्या विचारायची, लावू का? मी म्हणायची, पापड करायचेत. कसले पापड? तो एपिसोड संपला की दिगूचं माझ्याकडं काहीच उरत नव्हतं.

पण शब्द म्हणजे शब्द. वर्षश्राद्धाच्या आधी व्हायला पाहिजे होतं. आज सकाळी लावला.

शेवटही भिकारच. आभाळ फाटलं, समुद्र उभा राहिला, आणि व्हिलन रडून हिरोचा मित्र झाला. एकशे आठ एपिसोड मारामारी करून मित्र! पहिल्याच दिवशी चहाला बोलवायचं होतं, एवढी मोडतोड तरी वाचली असती.

मग हिरो घरी आला. बहीण दारात.

काव्यानं माझ्याकडं बघितलं. खाली अक्षरं नव्हती.

मग मीच बोलले. मोठ्यानं.

"आलास? आधी पाय धू."

काव्या रडायला लागली. मी तिला कांदे चिरायला बसवलं, म्हटलं, आता रड.

कमेंटमध्ये ते भावपूर्ण वगैरे लिहू नका, आणि फुलांचे फोटो तर अजिबात टाकू नका. त्याला आवडायचं नाही. मलाही नाही.

दिगू, सिरीयल संपली. भिकार होती. शब्द पाळला.

गच्चीवर पान वाढून ठेवलंय. भात गरम आहे.

जेवून जा.