मनगटावरचं बीपी

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, उगाच ठसका लागेल. कारण ही फजिती साधीसुधी नाही. बत्तीस वर्षं रायपूरच्या पोट्ट्यांना फिजिक्स शिकवणाऱ्या मास्तरची फिजिक्सनंच केलेली आहे!

माझी बायको कुसुम गेली, त्याला दोन वर्षं झाली. मुलगा नीलेश बेंगळुरूला. बूढापाऱ्यातल्या घरात उरलो मी आणि टीव्ही. नीलेशचा फोन रविवारी यायचा.

"बाबा, कैसे हो?"

"बरा आहे."

"खाना खाया?"

"खाल्लं."

संपलं! त्याला मराठी समजते, पण उत्तर हिंदीत. आणि बऱ्या असलेल्या माणसाशी कोणी बोलावं तरी किती?

त्यानंच मला मनगटावर बांधायचं बीपीचं मशीन पाठवलं. जुन्या मशीनचा पट्टा दंडाला बांधायला दुसरं माणूस लागायचं, ते आता घरात नव्हतं. हे एका हातानं बांधता येतं. एकट्या माणसाची केवढी सोय!

पहिल्याच सकाळी वरचा आकडा आला एकशे बासष्ट. घाबरून नीलेशला कळवलं. आणि काय सांगू, संध्याकाळी त्याचा फोन! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा!

"बाबा, आज कितना आया?"

"एकशे सहासष्ट."

"नमक बंद करो! अचार फेंको!"

कुसुमनं घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची ती शेवटची बरणी. फेकवली नाही, माळ्यावर ठेवली. तेलीबांध्याच्या तलावावरचं फिरणं बंद केलं. बिनमिठाचं वरण गिळू लागलो. आकडा ढिम्म हलेना! पण खरं सांगू? दिवसातून दोन फोन येत होते. मी मनातून खूश होतो.

आठव्या दिवशी नीलेश विमानानं हजर. मला हाताला धरून समता कॉलनीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर निघाला माझाच जुना विद्यार्थी. पाया पडला, माझा हात टेबलावर ठेवला, दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस!

"सर, घर में कैसे नापते हैं? करके दिखाइए."

मी मशीन मनगटाला बांधलं, खुर्चीत ऐसपैस रेललो आणि हात बाजूला लोंबता सोडला.

डॉक्टर गालातल्या गालात हसला. "सर, एक सवाल पूछूँ? टंकी में नीचे जाओ तो पानी का दबाव?"

"बढ़ता है," मी म्हणालो, आणि जीभ चावली. उंच टाकीचं पाणी खालच्या नळाला जोरात येतं, तसंच रक्ताचं. हात हृदयाच्या खाली लोंबला की आकडा वाढणारच. हेच उत्तर आलं नाही म्हणून अकरावीत मी ह्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं!

"हाथ दिल के बराबर रखिए, सर."

तेव्हा मला कुसुम आठवली. जुन्या मशीननं मोजताना ती टेबलावर चादरीची घडी ठेवायची आणि त्यावर माझा हात.

"काहून वं इतके लाड?" मी विचारायचो.

"नर्सबाईनं सांगतलं."

सातवी शिकलेली बाई ती! आणि मी इतकी वर्षं ते निव्वळ लाड समजत होतो. डोळे भरून आले. डॉक्टरला वाटलं, सर लाजले.

नीलेश निश्चिंत होऊन परत गेला. मी शहाण्यासारखा चादरीच्या घडीवर हात ठेवून मोजू लागलो. एकशे सव्वीस. एकशे अठ्ठावीस. लोणचं माळ्यावरून खाली आलं आणि फोन परत रविवारवर गेला. घर इतकं शांत झालं की मनगटावरच्या मशीनची घरघर मोठी वाटायची.

तो गेल्यावर अकराव्या दिवशी राहवलं नाही. दार लावून घेतलं, चादरीची घडी बाजूला सारली आणि हात खाली सोडला. एकशे पासष्ट! तसाच नीलेशला फोन लावला.

"आज पुन्हा वाढून राहिलं रे," मी खोल आवाज काढून म्हणालो.

पोट्टा चक्क मराठीत बोलला, अगदी आईच्या सुरात.

"बाबा, हात कुठी आहे तुमचा?"

"हात? हातात फोन आहे ना!"

"दुसरा?"

बत्तीस वर्षांत इतका अवघड प्रश्न मला एकाही पोट्ट्यानं विचारला नव्हता.