अर्ध्या पगाराचं गेट

माझ्या बायकोच्या मामांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे फुकट मिळालेल्या वस्तूची. सापाला न घाबरणारा हा कोकणातला माणूस समोर आलेल्या पेढ्याला घाबरायचा. कुणाकडे चहा प्यायले की बशी खाली ठेवता ठेवता त्यांची नजर घरभर फिरायची आणि गळका नळ, करकरणारं दार, जे सापडेल ते दुरुस्त केल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पडत नसत. एकदा शेजारच्या बारशाला पेढा खाल्ला आणि त्या बदल्यात तासभर पाळणा हलवत बसले. पोर केव्हाच झोपलं होतं. मामांच्या झोक्यांनी ते जागं झालं आणि त्यानं सगळी चाळ डोक्यावर घेतली. "फुकटचा माका पचत नाय," एवढंच ते म्हणायचे. माझ्या लग्नात मुलीचे मामा म्हणून त्यांना मानाचं उपरणं मिळालं, तर ते कमरेला बांधून गृहस्थ पंगतीत भात वाढायला उभे. माझ्या बायकोला आईवडील नव्हते. तिला मामा-मामींनीच वाढवलं, आणि मुलुंडच्या चाळीतली त्यांची एक खोली हेच तिचं माहेर होतं.

मामा मुलुंडच्याच एका कंदिलांच्या कारखान्यात कामाला होते. पन्नासच्या दशकातल्या त्या दिवसांत पत्रा सरकारी परमिटावर मिळायचा, म्हणजे बहुधा मिळायचा नाही. एकदा तो येईनासाच झाला आणि कारखान्यानं सगळ्यांना ले-ऑफ दिला. कायदा नुकताच आला होता. काम नसलं तरी रोज सकाळी गेटवर हजेरी द्यायची, मुकादमानं "आज काम नाही" म्हटलं की घरी जायचं, आणि पगाराच्या दिवशी अर्धा पगार घ्यायचा. बाकीच्या कामगारांनी सुटकेचा श्वास सोडला. मामांची मात्र झोप उडाली. काम न करता पगार म्हणजे पेढ्यांचं अख्खं दुकानच की. "आमी गावाक जातंव," त्यांनी जाहीर केलं.

मामी तडक आमच्याकडे आल्या. "जावईबापू, तुमीच समजवा ह्यांका. हजेरी चुकली तर नाव काढून टाकतले. मगे खोलीचा भाडा खयसून भरूचा?" त्यांच्या शेजारी आमची ही आधीच डोळ्यांना पदर लावून बसली होती. माहेर हातचं जाऊन बोटीच्या प्रवासाइतकं लांब पडणार होतं. मी कचेरीत कारकून, शब्दांचे खेळ करणं हा माझा धंदाच. मी मामांना म्हटलं, "ते पैसे फुकटचे नाहीत, मामा. ते हजर राहण्याचे आहेत. हजर राहणं हेच सध्या तुमचं काम." मामांना ते पटलं. माझ्या युक्तिवादावर मी बेहद्द खूश होतो, कारण पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा खाकी कपडे घालून, डबा घेऊन गेटवर हजर. हजेरी झाली, मुकादम नेहमीचं वाक्य बोलला, सगळे पांगले. मामा तिथेच उभे राहिले, हात बाजूला, नजर समोर. जेवणाच्या सुट्टीची वेळ झाल्यावर ते घरी आले. अर्धा पगार, म्हणून अर्धा दिवस. पहारेकऱ्यानं दयेनं स्टूल आणून दिलं, तर म्हणाले, "बसान पगार कसो घेव?"

काही दिवस असे गेले आणि कारखान्याच्या ऑफिसात कुजबुज सुरू झाली की हा सत्याग्रह आहे. युनियनच्या पुढाऱ्यालाही तसंच वाटलं. तो हार घेऊन आला. हार फुकटचा पडला, म्हणून मामांनी त्या बदल्यात गेटासमोरचा रस्ता झाडून काढला. ते पाहून कामगार गहिवरले आणि त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. घोषणा सुरू झाल्या तेव्हा मामा वैतागून म्हणाले, "गप ऱ्हवा रे, ड्युटी चालू आसा."

शेवटी खुद्द शेट बाहेर आले. "काका, तुमचा मागणी काय हाय, बोलून टाका ना."

"मागणी काय नाय, शेटनू. अर्धो पगार देतास, म्हणान अर्धो दिवस उभो रवतंय."

शेटनी जन्मभर मागण्या ऐकल्या होत्या. मागणीच नसलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला आणि त्यांना घाम फुटला. "असा करा, तुमी हा गेट रंगवा," ते घाईघाईनं म्हणाले. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी गेट घासलं, पुसलं आणि हिरवंगार रंगवलं, पण गेटाच्या दोन फळ्यांतली फक्त डावी. उजवीचं काय, असं मी विचारलं तर माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत म्हणाले, "अर्ध्या पगारात दोन फळ्यो?"

पुढे पत्रा आला, भोंगा वाजला, पगार पूर्ण झाला. शेटनी उजव्या फळीची आठवण करून दिली तेव्हा मामा म्हणाले, "आता पगार कंदिलाचो आसा, गेटाचो नाय." त्या गेटाची एक फळी हिरवी आणि एक गंजकी राहिली, ती कायमची, असंच आम्ही समजत होतो.

काही वर्षांनी घराघरांत वीज येत गेली आणि कंदील दुकानांच्या खिळ्यांना लटकत राहिले. कारखाना कायमचा बंद झाला. कायद्याप्रमाणे मामांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीची नुकसानभरपाई मिळाली, आणि ती त्यांनी चकार शब्द न काढता घेतली. मला नवल वाटलं. गावी निघण्याच्या आदल्या दिवशी ते मला कारखान्याकडे घेऊन गेले. हातात स्वतःच्या पैशांनी आणलेला हिरव्या रंगाचा डबा होता. गेटाला भलंमोठं कुलूप, आत चिटपाखरू नाही. मामांनी उजवी फळी रंगवायला घेतली. "आता पुरे पैसे मिळाले," ते म्हणाले. ज्या गेटातून यापुढे कुणीच आत जाणार नव्हतं, त्याचा कोपरान् कोपरा ते रंगवत होते.

डावी फळी उन्हानं विटली होती, उजवी नवी कोरी. मामा मागे सरकून पाहत राहिले. "जुळला काय, जावईबापू?"

"जुळलं, मामा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मामा-मामी गेले आणि त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. आमची ही अजूनही बाजाराला जाताना वाट वाकडी करून त्या गेटावरून जाते. माहेरी डोकावून आल्यासारखं वाटतं, म्हणते. परवा मीही तिच्याबरोबर गेलो होतो. इतकी उन्हं खाऊन दोन्ही फळ्यांचा रंग आता खरोखरच जुळलाय. हे ऐकायला मामा हवे होते.